खाऱ्या पाण्यावरील टोमॅटोसाठी सेंद्रिय खताचा नेमका उपयोग किती?

प्रश्न
माझ्या विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता (पाण्यातील क्षारांचे माप) २ डेसीसायमन प्रति मीटर आली आहे. जमीन मध्यम भारी असून टोमॅटो ठिबकवर आहे. पानांच्या कडा करपतात आणि दोन तोट्यांच्या मध्ये, ओल जिथे संपते तिथे, मीठ भुरभुरल्यासारखी पांढरी कड उमटते. दुसरे पाणी उपलब्ध नाही. शेणखत, गांडूळखत, ह्युमिक आम्ल (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा अर्क) आणि बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) यांपैकी कशाने हे क्षार कमी होतील?

उत्तर १
यांपैकी कशानेही क्षार कमी होणार नाहीत. आपल्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वा ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. पाणी पीक शोषून घेते किंवा उन्हाने उडून जाते, आणि क्षार मात्र प्रत्येक पाळीगणिक जमिनीत साठत राहतात. त्यांना मुळांच्या खाली नेण्याचे काम जादा पाणीच करू शकते. संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, वाहकता २.५ डेसीसायमन प्रति मीटर होईपर्यंत टोमॅटो तग धरतो, त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटते. ही मर्यादा राखायची असेल, तर रूढ सूत्रानुसार दिलेल्या पाण्यापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा मुळांखाली निचरून गेला पाहिजे. चांगले कुजलेले खत मातीची रचना रवाळ करून हा निचरा सुकर करते, आणि त्याचा खरा उपयोग तेवढाच आहे. पण तो लहान समजू नये.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, मात्र खतातही क्षार असतात. मी एकदा अर्धवट कुजलेले कोंबडीखत सरीत भरले, आणि माती ओली असूनही रोपे भर सकाळी माना टाकू लागली. तेव्हापासून एक भाग खत पाच भाग पाण्यात ढवळून, गाळून, मीटरवर पाहिल्याशिवाय मी खत शेतात नेत नाही. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे सामू (पीएच) आधीच चढा असलेल्या जमिनीत तो जपून वापरावा. ह्युमिक आम्लाच्या एकरी एखाद-दोन किलोंनी मातीची घडण बदलेल, ही अपेक्षा मला तरी अवास्तव वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अहवालात सोडियमचे प्रमाणही जास्त दाखवले आहे, आणि पाणी दिल्यावर वर पोपडा धरून ते झिरपत नाही.

उत्तर १
मग प्रश्न केवळ खारटपणाचा नसून जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, होऊ लागल्याचा आहे. सोडियममुळे मातीचे कण विखुरतात आणि छिद्रे बुजतात. त्याची जागा घेण्यासाठी कॅल्शियम लागते. मातीच्या ढेकळावर सौम्य आम्ल टाकून पाहावे. फेस आला, तर जमिनीत चुनखडी आहे; सेंद्रिय पदार्थ कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून ती हळूहळू विरघळवतो आणि तिच्यातील कॅल्शियम मोकळे होते, त्यामुळे धैंच्यासारखे हिरवळीचे खत गाडणे लाभदायक ठरते. फेस आला नाही, तर कॅल्शियमसाठी माती परीक्षणाने ठरेल तितके जिप्सम आवश्यक आहे, आणि खत त्याच्या जोडीला द्यावे.

उत्तर ३
काडीकचऱ्याचे आच्छादन राहून गेले. त्याने बाष्पीभवन मंदावते आणि क्षार वर खेचले जाणे कमी होते. शिवाय हलका पाऊस आला की ठिबक बंद करू नये, कारण ती पांढरी कड विरघळून क्षार थेट मुळांकडे सरकतात.