मदत हवी आहे: एजियन समुद्राची स्वच्छ हवा रंगात कशी आणावी?

नमस्कार मंडळी. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचा समुद्राकडचा कडा तैलरंगात करते आहे आणि अंतरापाशी गाडी अडली आहे. लांबचं ते फिकट आणि निळसर, हे आपल्या सगळ्यांच्या हातात बसलेलं. पण तिथे उन्हाळ्यात मेल्टेमी हा उत्तरेचा कोरडा वारा सुटला की हवा इतकी निवळते की दूरचं बेटही कात्रीने कापल्यासारखं स्पष्ट दिसतं. मग चित्रात खोली आणायची कशी?

ग्रीक चित्रकार कोन्स्टँटिनोस व्होलानाकिस (१८३७-१९०७) म्युनिकला शिकला. त्याच्या चित्रांतली बंदरं रुपेरी, दमट हवेत भिजलेली. फार देखणी, पण मला हवी ती हवा त्यात नाही. मला दुसरा ग्रीक चित्रकार, कोन्स्टँटिनोस मालेआस (१८७९-१९२८), जवळचा वाटतो. तो सपाट, उजळ रंगांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवतो आणि प्रकाश आपोआप उभा राहतो.

माझी अडचण सावलीत आहे. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातला की कडा काळवंडतो, पांढरा घातला की खडूसारखा दिसतो. तिथे कोबाल्ट व्हायोलेट (जांभळा) चालेल का? आणि क्षितिजाजवळचं पाणी आकाशापेक्षा कितपत गडद ठेवावं? तैलरंगात समुद्र केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.