मदत हवी आहे: सी लायब्ररीला दिलेला पायथनचा बफर जागेवरून हलू शकतो का?

लिनक्स ६४-बिट, सीपायथन ३.११ (नेहमीचं पायथन), सीटाइप्स (पायथनमधून सी फंक्शन्स बोलावायचं मॉड्यूल). सेन्सरची सी लायब्ररी आहे. सोर्स नाही, फक्त हेडर आणि एसओ फाइल (कंपाइल केलेली लायब्ररी). तिच्या स्टार्ट फंक्शनला बफरचा पॉइंटर आणि लांबी द्यायची. ते लगेच परत येतं, मग लायब्ररीचा थ्रेड त्याच जागेत ४०९६ बाइट पुन्हा पुन्हा लिहीत राहतो. खरी गोम इथेच आहे.

सीटाइप्सचं क्रिएट_स्ट्रिंग_बफर वापरून बफर बनवला की डेटा नीट येतो. बफरचं 'व्हॅल्यू' पहिल्या शून्य बाइटवर कापलं जातं म्हणून सगळे बाइट देणारं 'रॉ' घेतो, आर्गटाइप्समध्ये (फंक्शनच्या पॅरामीटरचे प्रकार) लांबीला सी_साइझ_टी दिलंय. बफर लोकल व्हेरिएबलमध्ये असला तर थोड्या वेळाने सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्राम कोसळतो). सेल्फवर (ऑब्जेक्टच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये) ठेवला की सेगफॉल्ट बंद. म्हणजे रेफरन्स धरून ठेवायचा, एवढं पक्कं.

पण 'रॉ' दर वेळी सगळ्याची कॉपी करतं. ती टाळायला बाइटअ‍ॅरेवर (बदलता येणारे बाइट) फ्रॉम_बफर (त्याच मेमरीवर सीटाइप्सचा अ‍ॅरे बनवणारं) लावून मेमरीव्ह्यूतून (कॉपी न करता मेमरी दाखवणारं) वाचायचा विचार आहे. नमपाय (अ‍ॅरेंची लायब्ररी) सुचवू नका, ज्या बोर्डवर हे चालतं तिथे जागा नाही.

फ्रॉम_बफरने मिळालेला अ‍ॅरे सेल्फवर ठेवला तर मूळ बाइटअ‍ॅरेही वेगळा धरून ठेवावा लागतो का? आणि मध्येच कुणी त्या बाइटअ‍ॅरेवर एक्स्टेंड करून तो लांबवला तर पायथन अडवतं, की पत्ता बदलून लायब्ररी जुन्याच जागेत लिहीत राहते?