लिफ्ट केलेल्या व्ही-क्रॉसला पुढच्या स्प्रिंग कुठल्या घालू?

हापूसवाला_देवगड

नमस्कार मंडळी. माझी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने पुढून दोन इंच उचललीय आणि मागे पाट्यात एक जादा पान टाकलंय. गाडी रोज बागेत जाते, शेवटचा दीड किलोमीटर नुसता जांभा दगड आणि पावसाने कापलेले चर, त्यामुळे उंची मला हवीच आहे. पण स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ठक्क करून आवाज येतो, जणू कोणी खालून हातोडी मारतंय, आणि हायवेला ऐंशीच्या वर स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी सरळ धरून ठेवावी लागते. सीझनला मागे १०-१२ क्रेट असतात, घरचे पण सोबत असतात, म्हणून जास्त काळजी वाटते.

गॅरेजवाला म्हणतो सगळ्यात हेवी स्प्रिंग घाला, एकदाच खर्च होईल. पुढे अजून कंपनीचाच बंपर आहे, बुलबार (बंपरपुढचा लोखंडी बार) आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची दोराची चरखी) घ्यायचा विचार आहे पण नक्की नाही. मिडियम घेऊ की हेवी? पैसे साठवून करतोय, दोनदा करायला जमणार नाही.

चिरेखाण_४x४

दादा, हेवी अजिबात नको. आधी माझं ऐका, मी हीच चूक करून दोन वर्षं कंबर मोडून घेतलीय.

स्प्रिंग इंचावर घ्यायची नसते, वजनावर घ्यायची. किट बनवणारे सरळ किलोत सांगतात, ही कंपनीच्या बंपरवाल्या गाडीला, ही ५० किलोपर्यंत जादा वजनाला, ही त्याच्या वर. लोखंडी बुलबार ५०-६० किलोच्या आसपास जातो, स्टीलच्या दोराचा विंच अजून ३५-४०, म्हणजे हेवी स्प्रिंग ही पुढे शंभरेक किलो कायमचं टांगलेल्या गाडीसाठी असते. ते वजन नसताना घातली तर ती दबतच नाही, नाक वर करून बसते, चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि खड्डा आला की शॉक, म्हणजे स्प्रिंगचा झटका आवरणारा दांडा, पूर्ण ताणला जाऊन ठक्क. तुमचा आवाज तोच असणार असं मला वाटतं, फक्त कारण वेगळं असेल.

जाडी किती फरक करते बघा, तारेची जाडी १४ एमएमची १५ केली आणि वेटोळी तेवढीच ठेवली तरी स्प्रिंग ३० टक्क्यांच्या वर कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणून डोळ्याने बघून "थोडी जाड दिसते" असं म्हणून घेऊ नका, आणि रंगावर तर जाऊच नका, पार्ट नंबर बघा.

एक काम करा. जवळच्या वजनकाट्यावर जा, फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मागची बाहेर. टाकी फुल, तुम्ही आत बसलेले. मग तेच क्रेट भरून परत करा. किरकोळ पैसे घेतात. आमच्या खाणीच्या काट्यावर मी ओळखीतल्या चार गाड्या अशाच तोलल्या.

मालवणी_गाबीत

चिरेखाणवाल्यान सांगितला ता बरोबर. पयला वजन कर, मगे स्प्रिंगा घे.

माझी भर गंजाबद्दल. मी मासे वाहतो, बर्फाचं खारं पाणी सगळं खाली गळतं. माझी पुढची डावी स्प्रिंग अगदी तळाच्या वेटोळ्यात तुटली, जिथे ती खालच्या वाटीत बसते तिथे. तिथे वाळू आणि खारट चिखल अडकून राहतो, रंग घासला जातो, गंजाची बारीक खाच पडते आणि तिथूनच तडा जातो. नवीन टाकलीस की आठवड्याला गोड्या पाण्याचा पाईप त्या वाटीत मार, पावसाळ्यात सुद्धा. पावसाने धुतली जाते हा गैरसमज आहे, वाटीतली वाळू पावसाने निघत नाही.

घाटवाट_गगनबावडा

मी सस्पेन्शनचं काम करतो, थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी बघा की तुमच्या दोन इंचांचा स्पेसर, म्हणजे उंची वाढवायला घातलेली जाड चकती, कुठे बसवलाय. शॉक-स्प्रिंगच्या जोडाच्या डोक्यावर, बाहेरून, असेल तर एक प्रकार, आणि स्प्रिंग व वरची वाटी यांच्यामध्ये, आतून, असेल तर दुसरा. आतला असेल तर शॉकची लांबी तेवढीच राहते, नुसती स्प्रिंग जास्त दाबून बसवलेली असते, मग उंची मिळते ती चाकाची खाली जायची जागा खाऊन. ठक्क आवाज बहुतेक त्याचाच. बाहेरचा असेल तर चाक मूळपेक्षा जास्त खाली लोंबतं, तिथे एक्सलचे बूट (सांध्यावरची रबरी टोपणं) आणि बॉल जॉइंट तपासा.

आणि स्प्रिंग चाकापाशी नसते, खालच्या आर्मच्या (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर बसते, त्यामुळे तिथे २५ एमएम घातलं की चाकापाशी दुपटीच्या जवळपास उचल मिळते. लोकांना हे माहीत नसतं, दोन इंच पाहिजेत म्हणून दोन इंचाचा स्पेसर घालतात आणि मग एक्सलचे बूट फाटतात.

घरी मोजायची रीत अशी, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, जमिनीपासून नको कारण टायरची हवा बदलली की माप बदलतं. मग चासीला जॅक लावून चाक जमिनीवरून जेमतेम सुटेपर्यंत उचला आणि परत मोजा. फरक दीड-दोन इंचापेक्षा कमी आला तर चाकाला खाली जायला जागा उरलेली नाही असं समजा.

स्टेअरिंग हलकं लागतं त्याला बहुधा स्प्रिंग जबाबदार नाही, कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंगला चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी झालाय. पुढून उचललं की वरचा आर्म आपली जागा सोडतो. अलाइनमेंटमध्ये पुरेसा कॅस्टर परत मिळत नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतील, तो खर्च आत्ताच धरा.

नवीन स्प्रिंगबरोबर तिला जुळणारा शॉक घ्याच, जुना शॉक नवीन स्प्रिंगचा उलटा झटका आवरू शकत नाही, गाडी होडीसारखी डोलते. आर्मचे बोल्ट गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच आवळायला लावा, हवेत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. अलाइनमेंट लगेच एकदा आणि ४००-५०० किलोमीटरनंतर परत, कारण स्प्रिंग थोडी बसते. आणि जोड खोलायला चांगला स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर असलेल्याकडेच द्या, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो.

रत्नागिरी_हायवे

बुलबारचा विचार सोडाच. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. समोर पायी चालणारा माणूस किंवा बाईकवाला आला तर त्याला तो बार जीवघेणा ठरतो. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला मालकाला प्रत्येकी ५००० दंड आहे, लिफ्टबद्दल पण आरटीओत विचारून घ्या. बुलबार नाही म्हणजे हेवीचा प्रश्नच मिटला.

हापूसवाला_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काट्यावर जाऊन आलो. क्रेट भरल्यावर पुढचं वजन वाढेल असं वाटलं होतं, उलट १० किलो कमी भरलं, दोनदा तोलून घेतलं.

घाटवाट_गगनबावडा

बरोबर आहे ते. माल मागच्या एक्सलच्या मागे, फळीकडे गेला की पुढचं टोक वर उचलतं. म्हणजे माल भरता म्हणून पुढे कडक स्प्रिंग हे गणितच चुकतं, त्याने नाक अजून वर जाईल आणि घाटात समोरच्याच्या डोळ्यात लाईट. क्रेट केबिनला टेकवून भरा. स्प्रिंग कंपनीच्या बंपरवाल्या वजनाची, पाऊण ते दीड इंच उचलणारी, बस.

हापूसवाला_देवगड

टेपने पण मोजलं. उजवीकडे सव्वा इंच, डावीकडे दीड. टॉर्च मारून बघितलं, स्पेसर आतच आहे. हलकीवाली शॉकसकट सांगून आलो, मृगाच्या आधी बसवतो. बसवल्यावर मापं इथेच टाकेन.