कोकणातील पावसाळी भाज्या कशा ओळखाव्यात आणि कशा शिजवाव्यात?

प्रश्न – नवे बिऱ्हाड, चिपळूण

बदलीमुळे आमचे कुटुंब लातूरहून चिपळूणला राहायला आले आहे. जून लागताच येथे चहूकडे हिरवेगार होते, तरी मंडईतील कोबी, फ्लॉवर, टोमॅटो आणि मेथी कुंभार्ली घाट उतरून कराडकडून येते, आणि घाटात दरड कोसळली की भाव चढतात. ज्या मातीत आपण राहतो तिथले अन्न ऋतूप्रमाणे खावे, अशी आम्हा दोघांची मनापासून इच्छा आहे. बाजारपेठेच्या कडेला आसपासच्या वाड्यांतील स्त्रिया पानांच्या जुड्या घेऊन बसतात, परंतु त्यांतील कोणती भाजी कोणत्या आठवड्यात घ्यावी, कशाने घसा खाजतो आणि शिजवण्याची रीत काय, हे आम्हाला ठाऊक नाही. घरात लहान मुले असल्यामुळे सावधगिरीही हवी. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – परसदार, देवरुख

आपण सुरुवात टाकळ्यापासून करावी, कारण तो ओळखायला सोपा आणि पोटाला मानवणारा आहे. मराठवाड्यात तो तरवटा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे आपण तो पाहिलेला असण्याचा संभव आहे. प्रत्येक देठावर पानांच्या तीन जोड्या असतात आणि संध्याकाळ झाली की ती पाने मिटतात. मात्र केवळ नाव विचारून कोकणात पावसाळी भाजी घेता येत नाही. तिचे वय पाहावे लागते. मृगाच्या सरींनंतर वर आलेला, वीतभरही न वाढलेला टाकळा अतिशय कोवळा असतो. तोच आषाढ सरता सरता राठ आणि उग्र होतो, आणि मग कितीही खोबरे घातले तरी त्याची चव सुधारत नाही. जुडी घेताना शेंडा नखाने खुडून पाहावा. तो कट्‌कन तुटला तर भाजी घ्यावी, दोरा निघाला तर ठेवून द्यावी.

पाने देठांवरून ओरबाडून तीन-चार पाण्यांतून धुवावीत आणि बारीक चिरावीत. लोखंडी कढईत तेलावर ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या चांगल्या तांबूस होऊ द्याव्यात, त्यावर सुकी मिरची आणि कांदा परतावा, मग भिजवलेली चणाडाळ आणि टाकळा घालून झाकणावर पाणी ठेवावे. कढईत पाणी घालू नये. भाजी पार आळते, म्हणून मीठ शेवटी आणि हात आखडूनच घालावे. उन्हाळ्यातल्या फणसाच्या आठळ्या घरात साठवलेल्या असतील, तर डाळीऐवजी त्या उकडून घालाव्यात. माझ्या मते टाकळ्याची खरी जोडी तीच आहे. सोबत तांदळाची गरम भाकरी हवी.

भारंगी कडवट असते. तिची कोवळी पाने चिरून उकळत्या पाण्यातून काढून पिळावीत आणि भिजवलेल्या मुगांबरोबर किंवा वालांबरोबर शिजवावीत. फोडशीची पाने गवतासारखी लांब असून बुडाशी पांढरी असतात, आणि त्या पांढऱ्या भागात माती अडकते, म्हणून प्रत्येक पान सुटे करून धुवावे. घसा खाजण्याचा प्रश्न या तिन्ही भाज्यांत नाही.

उत्तर – आगरातली, पेण

खाजेविषयी मी लिहिते. अळू, तेरे (रानटी अळू) आणि शेवळे (रानसुरणाचे कोंब) यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते जिभेला व घशाला टोचतात. म्हणूनच या प्रत्येक भाजीत चिंच, कोकम, आंबाडे असे काही ना काही आंबट पडतेच, आणि ती पूर्ण शिजवावीच लागते. चिरताना हातांना खोबरेल लावावे.

आमच्या रायगडात पावसाच्या तोंडावर कातकरी आणि ठाकूर समाजाच्या स्त्रिया शेवळे विकायला आणतात आणि त्यांच्या शेजारीच काकडांचा वाटा मांडलेला असतो. काकड हे आवळ्याएवढे हिरवे आंबट फळ शेवळांची खाज मारते, म्हणून ते सोडून नुसती शेवळे कधीही आणू नयेत. शेवळाचे बाहेरचे आवरण उलगडले की आत दांडा दिसतो. त्याच्या बुडाकडचा पिवळसर दाणेदार भाग काढून टाकावा, कारण खाज मुख्यतः तेथेच असते. उरलेला भाग चिरून तेलात भरपूर परतावा, मग काकडांचा ठेचून काढलेला रस आणि वाटण घालून निवांत शिजवावा. आमच्याकडे त्यात सोललेले वाल किंवा सुकट घालतात, आणि मांसाहारी घरांत खिमाही. ही भाजी रांधणे कष्टाचे असले तरी वर्षातून एकदा तरी ती व्हावी, असे मला फार वाटते. मुलांना पहिल्या वर्षी मात्र थोडीच द्यावी.

उत्तर – माटवाखाली, कुडाळ

आमच्या कुडाळात बुधवारी आणि सावंतवाडीत मंगळवारी आठवडा बाजार भरतो. चिपळूणच्या आसपासही असे बाजार भरतात. तेथे शक्य तितक्या सकाळी जावे आणि ज्या बाईकडे दोन-तीनच प्रकारची, थोडीशीच भाजी असेल तिच्याकडे बसावे, कारण ती बहुधा तिने स्वतः खुडलेली असते. तिलाच रीत विचारावी. ती कमी शब्दांत नेमके सांगते. पहाटे चिखल तुडवून, जळवा अंगावर घेऊन गोळा केलेल्या या भाजीचा दर पाडून मागू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

श्रावणात फागलां, म्हणजे कंटोली, येतात. ती आतून पिवळी पडण्यापूर्वी घ्यावीत, कारण पुढे बिया टणक होतात. गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे असते, आणि ते तिन्ही एकत्रच खावे.

अळंबीबाबत अतिशय सावध राहावे. वारुळावर उगवणारी अळंबी वाळवी आपल्या वारुळात जोपासत असलेल्या बुरशीतून वर येते, आणि तिची जागा पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली माणसेच ती आणतात. तशा ओळखीच्या माणसाखेरीज कोणाकडूनही ती घेऊ नये आणि स्वतः तर मुळीच गोळा करू नये. चांदीचे नाणे काळे पडते की नाही यावरून विषारी अळंबी ओळखता येते, ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – नवे बिऱ्हाड, चिपळूण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टाकळ्यापासूनच सुरुवात करू. आणखी एक विचारावेसे वाटते: आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. येथील धुवांधार पावसात तेथे काही पिकवता येईल का, आणि पाऊस सरल्यावर स्थानिक असे काय मिळते?

उत्तर – वायंगण, दापोली

पालेभाजी अशा पावसात कुजते, वेलभाजी मात्र उत्तम येते. पाणी साचणार नाही असे उंच आळे करून पहिल्या पावसाबरोबर पडवळ, दोडका आणि काकडी लावावी आणि वेल मांडवावर चढवावेत. गणपतीच्या सुमारास फळे हाती येतात. जून काकडी किसून गूळ आणि तांदळाच्या रव्याबरोबर केलेले धोंडस मुले आवडीने खातात. मांडवाखालच्या ओलाव्यात हळदीचे दोन कंद लावले, तर नागपंचमीच्या पातोळ्यांना पाने घरचीच होतील.

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ आणि चवळी पेरतात. त्यांना सहसा वेगळे पाणी द्यावे लागत नाही, दव पुरते. जानेवारीच्या सुमारास वालाच्या ओल्या शेंगा येऊ लागल्या की भांबुर्डीचा पाला घातलेल्या मडक्यात त्या पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याच्या बेतासाठी, भाजल्या जातात. पुढे ओले काजूगर येतात. ते सोललेलेच विकत घ्यावेत, कारण टरफलातील डीक, म्हणजे चीक, कातडी भाजतो. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजीही त्याच सुमारास करता येते. आठळ्यांसाठी मे महिन्यात बरक्या (मऊ गऱ्यांच्या) फणसाच्या बिया धुऊन, सुकवून, मातीचा लेप देऊन ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या मृगात टाकळ्याला त्या उपयोगी पडतील.