शब्दचर्चा : प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणारे श्रोते आणि ‘झील धरणे’

बेंगळुरूच्या ‘रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या बँडला समोर बसून ऐकण्याची माझी कित्येक वर्षांची इच्छा गेल्या हिवाळ्यात पुरी झाली, आणि परतीच्या रात्रीच्या बसमध्ये बेळगाव येईपर्यंत एकच शब्द डोक्यात घोळत राहिला. गायक कडव्याच्या शेवटी थांबतो, माईक श्रोत्यांकडे करतो आणि सारे मैदान धृवपद उचलून धरते; या क्रियेला मराठीत नेमके काय म्हणावे, हा माझा प्रश्न आहे.

या बँडच्या संगीताला लावल्या जाणाऱ्या ‘इंडी फोक’ या नावाविषयी आधी दोन वाक्ये. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या आश्रयाविना स्वतःच्या जोरावर गाणाऱ्यांना ‘इंडी’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आमच्याकडे हा शब्द उच्चारताच ऐकणारा विजापूर जिल्ह्यातील लिंबांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंडी तालुक्याचा विचार करतो, आणि ‘बँड’ म्हटले की वरातीतला. मी ‘इंडी बँड’ ऐकायला चाललो आहे असे सांगितल्यावर येळ्ळूरच्या माझ्या काकांनी लग्न कोणाचे, असे विचारले होते.

या बँडने 2008 सालच्या आपल्या पहिल्या संग्रहात संत शिशुनाळ शरीफ (1819–1889) यांचे ‘गुडुगुडिया सेदि नोडो’ हे पद घेतले आहे. गुडगुडी (हुक्का) हा शब्द मराठीतही असल्यामुळे सीमाभागातल्या श्रोत्याला त्याचा अर्थ कोणी फोडून सांगावा लागत नाही. त्या रात्री हे पद सुरू झाले तेव्हा रंगीत लुंगी आणि पायांत घुंगरू अशा वेशातला गायक दुसऱ्या कडव्यानंतर एकदम गप्प झाला. ढोलावर ठेका तेवढा चालू राहिला आणि धृवपद लोकांनी घेतले. तेवढ्या अवधीत त्याने बाटली उघडली, सावकाश दोन घोट पाणी प्यायले, बाटली खाली ठेवली आणि पुढचे कडवे नेमक्या समेवर उचलले. मला सगळ्यात मौजेचे वाटले ते हे पाणी पिणे, आणि शब्दाचा शोधही तेथूनच सुरू झाला.

जवळचे शब्द पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना काही ना काही डाग लागलेला आहे. ‘री ओढणे’ हे मूळचे गाण्यातले असले तरी आज त्यात होयबापणाचा वास येतो. ‘पालुपद’ म्हणजे आता कंटाळवाणी पुनरुक्ती. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’ असे म्हटले आहे, आणि भाव अगदी हाच आहे. मात्र ‘धृपद’ म्हटल्यावर आजच्या वाचकाला शास्त्रीय संगीतातील धृपद गायकी आठवते. राहता राहिली ‘झील’. पोवाड्यात डफ घेतलेला शाहीर पुढे असतो आणि तुणतुणे, झांज घेऊन मागे उभे राहिलेले साथीदार ‘जी जी रं जी’ अशी झील धरतात. गोंधळातही झीलकरी असतोच. काकांनी तरुणपणी एका शाहिरी पथकात तुणतुणे वाजवले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार शाहिराचे शेवटचे अक्षर हवेत असतानाच झील पकडायची असते, कारण मध्ये फट पडली की चाल बसते, आणि झील चालू असेल तेवढ्यातच शाहिराला दम घेता येतो. पाण्याच्या बाटलीचे कोडे मला तेव्हा उलगडले. म्हणून, श्रोत्यांनी ‘झील धरली’ असे लिहावे, असा माझा प्रस्ताव आहे.

प्रतिसाद (निपाणीहून) :

प्रस्ताव आवडला, तरी दोन हरकती नोंदवतो. पहिली अशी की, शाळेत हिंदी शिकलेल्या मुलांना ‘झील’ म्हणजे तलाव वाटतो. ‘श्रोत्यांनी झील धरली’ हे वाक्य माझ्या मुलीने वाचले आणि मासे पकडायला का, असे विचारले. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. झीलकरी हा पथकातला माणूस असतो. त्याच्या हाती वाद्य असते, त्याला पदे पाठ असतात आणि बिदागीत त्याचा वाटा असतो. तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला ती पदवी कशी द्यावी? आपल्याकडच्या कन्नड गीगी पदातही डप्पावाल्याच्या (डफासारखे वाद्य वाजवणाऱ्या मुख्य गायकाच्या) मागे ‘गी गी’ म्हणणाऱ्यांना ‘हिम्मेळ’ म्हणतात, आणि हिम्मेळ कधी प्रेक्षकांत बसत नाही. घरात आपण नुसते ‘मागून म्हणणे’ म्हणतो. तेच का पुरू नये?

मूळ लेखकाचे उत्तर :

आपली दुसरी हरकत मला निम्मी मान्य आहे. श्रोत्याला ‘झीलकरी’ म्हणू नये, हे नाम पथकातल्यांसाठीच राखावे. परंतु क्रियापद कोणा एकाच्या मालकीचे नसते. टाळ न घेताही आपण कीर्तनात अभंग धरतोच. ‘मागून म्हणणे’ यात गायकाला मिळणारी उसंत येत नाही. गुरुजी ‘माझ्यामागून म्हणा’ म्हणत तेव्हा ते पाठांतर होते, साथ नव्हती. तलावाच्या हरकतीला माझ्याकडे उत्तर नाही, मात्र ‘धरणे’ हे क्रियापद सोबत असले आणि मागेपुढे गाण्याचा संदर्भ असला तर घोटाळा टिकू नये. ‘गी गी’ आणि आपले ‘जी जी’ शेजारी ठेवल्याबद्दल आभार. शाहिरीतले कलगी-तुऱ्याचे सामने आणि गीगी पदांतले हरदेशी-नागेशी या दोन पक्षांचे सामने ज्यांनी दोन्ही ऐकले आहेत, त्यांच्या कानाला हे साम्य सहज पटेल.

एक पुरावा मात्र जोडतो. या चर्चेचा एक शब्दही न सांगता मी काकांना त्या रात्रीचे मोबाईलवरचे चित्रण दाखवले. श्रोते गाऊ लागताच त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “झील बरी धरल्यात की, पण सूर खाली आणल्यात.”