पदवीचा जीपीए २.८ आहे, पीए स्कूलचा नाद सोडायचा का?

रात्रपाळी
इकडे अमेरिकेत आपल्या मंडळींच्या पॉटलकला जीपीएवरून (चारपैकी सरासरी ग्रेड) एक वाक्य हमखास कानावर येतं, "३.५ च्या खाली आहे ना? मग पीए विसरा." पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांच्या जोडीने काम करणारे, रुग्ण तपासून निदान करणारे, औषधं लिहून देणारे. मी इमर्जन्सीत हेच काम करतो आणि माझ्या मते हा सल्ला अर्धवट माहितीवर दिला जातो.

बऱ्याच प्रोग्रॅमची किमान अट ३.० ची असते. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.६ च्या आसपास जाते हे खरं, पण सरासरीच्या खालीही कुणीतरी असतंच, म्हणून तर ती सरासरी! शिवाय कास्पा, म्हणजे ज्या मध्यवर्ती यंत्रणेतून अर्ज जातात ती, एकच आकडा पुढे करत नाही. प्रत्येक वर्षाचा वेगळा, सायन्सचा वेगळा, पदवीनंतर घेतलेल्या विषयांचा वेगळा, असे तुकडे पाडून दाखवते. पहिली दोन वर्षं २.४ आणि पुढची दोन ३.६ काढणारा मुलगा, आणि बरोबर याच्या उलट उतरत गेलेला, दोघांची बेरीज तीच. प्रवेश देणारी कमिटी दोघांना एकाच मापाने मोजत नाही. काही प्रोग्रॅम तर शेवटचे ६० क्रेडिटच बघतात. त्यावर ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा मदतनीस) किंवा सीएनए (नर्सचा सहायक) म्हणून रुग्णांबरोबरचे दोन-तीन हजार तास असले तर २.८ वाल्याने बिनधास्त दोन वर्षं द्यावीत.

हिशोबी
"दोन वर्षं द्यावीत" म्हणायला काय जातंय! समजा पदवीचे १२० क्रेडिट झालेत, जीपीए २.८. इथून पुढे प्रत्येक विषयात ए मिळवला तरी ३.० गाठायला २४ क्रेडिट लागतात. ३.२ हवा असेल तर ६०. नोकरी सांभाळून सत्राला दोन विषय, म्हणजे आठेक क्रेडिट धरले, तर ३.० ला तीन सत्रं आणि ३.२ ला जवळपास चार वर्षं. मध्ये एक बी पडला की मुक्काम अजून पुढे. आणि एवढं करून ३.० झालाच तर पदरात काय? अर्ज उघडून वाचला जाईल, इतकंच.

आणखी एक गैरसमज सगळीकडे दिसतो. विषय रिपीट केला की जुना ग्रेड पुसला जातो म्हणे. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर जात असेल, कास्पा दोन्ही धरतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीला आधी सी (२), मग ए (४), म्हणजे त्या विषयाचे ३.० च.

टवाळ_मावळा
सातासमुद्रापार आलो तरी कटऑफ काही मानगुटीवरून उतरला नाही म्हणायचा.

एडिसनकर_आई
आमच्या लेकीचा २.९ आहे, म्हणून विचारते. सध्या एका क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट आहे. मागच्या महिन्यात एक आजोबा चक्कर येते म्हणून आले. हिने बीपी घेतलं, ते खूप कमी. पिशवीतल्या बाटल्या टेबलावर ओतायला लावल्या तर एकच बीपीची गोळी दोन नावांनी, एक ब्रँडची आणि एक जेनेरिक. आजोबा दोन्ही घेत होते. हिने डॉक्टरांना दाखवलं. तेव्हापासून पीएच करायचं म्हणून बसलीय. मिडलसेक्स कॉलेजात मायक्रोबायोलॉजी आणि अॅनॅटमी-फिजिऑलॉजी पुन्हा घेते म्हणते. हे म्हणतात, कशाला एवढा खटाटोप, नर्सिंग घे.

कडू_कारलं
ताई, मुलगी चुणचुणीत आहे यात वाद नाही. पण यावरून ती चांगली मेडिकल असिस्टंट आहे एवढंच कळतं. पीएच्या पहिल्या वर्षात अॅनॅटमी, फार्माकॉलॉजी, क्लिनिकल मेडिसिन असं सगळं एकदम अंगावर येतं, परीक्षा संपता संपत नाहीत. बऱ्याच ठिकाणी तिथेही ३.० च्या खाली घसरलात की प्रोबेशन, नाहीतर थेट घरी. शेवटी पॅन्स, म्हणजे पीएची पात्रता परीक्षा, ३०० प्रश्न, पाच तास. चार वर्षांच्या निवांत पदवीत ज्याला हे झेपलं नाही त्याला इथे कसं झेपणार? आणि राग मानू नका, पण मला तपासणारा माणूस फिजिऑलॉजीत काठावर पास झालेला नको.

रात्रपाळी
@कडू_कारलं, तो सी तसाच घेऊन जा असं कोण म्हणतंय? तोच विषय पुन्हा घेऊन ए काढा म्हणतोय.

आणि या पेशाचा जन्म कसा झाला तेही बघा. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली. चारच जण, चौघेही नौदलातले माजी कोअरमन, म्हणजे सैनिकांची शुश्रूषा करून हात बसलेले लोक. निवड त्या अनुभवावर झाली. आज कास्पाच्या अर्जात रुग्णसेवेच्या तासांचा रकाना आहे तो त्याच परंपरेतला.

हिशोबी
१९६५ ला चार जण होते हो, आज प्रोग्रॅमच तीनशेच्या घरात आहेत आणि अर्जांचा ढीग लागतो. सगळेच तास घेऊन येतात.

मला खरी काळजी पैशांची आहे. साधारण २७ महिन्यांचा कोर्स, त्या काळात नोकरी जवळपास अशक्य, खर्च सहज लाख डॉलरच्या वर. त्यात ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. साध्या ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत. उरलेले कुठून आणणार? खासगी बँकेकडून, आईबापांच्या सहीवर. पहिल्याच वर्षी बाहेर पडावं लागलं तर डिग्री नाही आणि हप्ते मात्र सुरू. त्यामुळे जो प्रोग्रॅम कमी जीपीएवर घेतो त्याला आधी हात जोडू नका. किती जण मध्येच गळले आणि पॅन्स पहिल्या फटक्यात किती जण पास झाले, हे प्रत्येक प्रोग्रॅमला आपल्या वेबसाइटवर टाकावंच लागतं. ते पान बघा. मान्यता प्रोव्हिजनल (तात्पुरती) आहे, कंटिन्यूड (पुढे चालू) आहे की प्रोबेशनवर, तेही तिथेच कळतं.

पुण्याची_होमिओपॅथ
बीएचएमएस आहे, एच-४ (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या) व्हिसावर आलेय. मला थेट पॅन्स देता येईल का?

रात्रपाळी
नाही. एआरसी-पीए या पीए प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला इथला प्रोग्रॅम पूर्ण केल्याशिवाय बसताच येत नाही, एमबीबीएसवाल्यांनासुद्धा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

लॅबवाली_काकू
मी कम्युनिटी कॉलेजात अॅनॅटमी-फिजिऑलॉजीची लॅब घेते. २.८ वाले माझ्याकडे दोन तऱ्हेचे येतात. एक, जे पदवीच्या वेळी वर्गात नव्हतेच. नोकरी, आजारपण, नाहीतर नुसता टाइमपास. दुसरे, रोज पहिल्या बाकावर बसून, रात्र रात्र जागूनही ज्यांना नेफ्रॉनची आकृती डोक्यात बसत नाही. पहिले बहुतेक सावरतात. दुसऱ्यांना "अजून दोन वर्षं दे" म्हणणं मला क्रूर वाटतं, रात्रपाळी काहीही म्हणोत. ताई, पदवीच्या वेळी तुमच्या लेकीचं काय चाललं होतं?

एडिसनकर_आई
कॅम्पसवर आठवड्याला पंचवीस तास काम करायची, आम्हाला पत्ताच नाही. सकाळचे तास बुडवायची. आता फॉलच्या सत्राला मायक्रो आणि ए अँड पी दोन्ही घेणार आहे.

कडू_कारलं
नोकरी न सोडता घेऊ दे, म्हणजे काय ते कळेल. डिसेंबरला दोन्ही ए आले तर मी शब्द मागे घेईन. नाही आले तर ऐका यजमानांचं, नर्सिंगचा फॉर्म भरा.

एडिसनकर_आई
अहो, नर्सिंगलाही तेच मायक्रो आणि तेच ए अँड पी लागतं! काल यांना यादी दाखवली तेव्हापासून गप्प आहेत. फी भरून टाकली.