पेटीचा गंधार तंबोऱ्याशी का मिळत नाही?

प्रश्न : भजनी पेटीवादक, निपाणी परिसर

सर्वांना नमस्कार. निपाणीजवळच्या आमच्या गावातील भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. टाळ, पखवाज आणि पेटी एवढ्याच साथीवर आमचे भजन चालत असल्याने पेटीचा सूर हाच आजवर आमच्यासाठी प्रमाण होता. अलीकडे मी गाणे शिकू लागलो असून त्यासाठी मिरजेहून तंबोरा आणला आहे. पंचमाची (प) एक, षड्जाच्या (सा) जोडीच्या दोन आणि खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची एक, अशा चारही तारा मी पेटीच्या काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज मानून, नीट मिळवून घेतो. पेटीचा पंचम तंबोऱ्याशी उत्तम मिळतो. परंतु शुद्ध गंधार (ग) दाबला की नादात थरथर उमटते आणि तो सूर किंचित चढा वाटतो. धैवत (ध) व निषाद (नि) यांच्या बाबतीतही थोडेफार तसेच होते. पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी यंत्र लावून सर्व सूर बरोबर असल्याचे सांगितले.

नादाची उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती असे तीन गुण संगीताच्या प्रवेशिका परीक्षेच्या अभ्यासात वाचले आहेत. यांपैकी नेमका कोणता गुण येथे बिघडतो, आणि दोष पेटीत आहे, तंबोऱ्यात आहे की माझ्या कानात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : विज्ञान शिक्षक, खानापूर

आपला कान अगदी योग्य ऐकतो आहे आणि पेटीही बिघडलेली नाही. फरक उच्चनीचतेचा, म्हणजे वारंवारतेचा आहे. मात्र तो इतका स्पष्ट ऐकू येण्यामागे नादाच्या जातीचा मोठा वाटा आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी मध्य सप्तकाचा षड्ज 240 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 कंपनांचा धरू. तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे 120 हर्ट्झने कंप पावते. परंतु कोणतीही तार एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. तिच्या मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे उपस्वरही उमटत असतात. 120 ची दुप्पट 240, म्हणजे षड्ज. तिप्पट 360, म्हणजे पंचम. चौपट 480, म्हणजे तार षड्ज. आणि पाचपट 600, म्हणजे तार सप्तकातील गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसतानाही जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच. घोडीवरील जवारी, म्हणजे तार टेकते तो घासून बेतलेला पृष्ठभाग, आणि तारेखालचा सुताचा जीव, म्हणजे तेथे सरकवलेला दोरा, यांमुळे हे उपस्वर विशेष ठळक होतात. कोणत्या वाद्यात कोणते उपस्वर किती जोराने उमटतात, त्यावरच त्या वाद्याच्या नादाची जाती ठरते.

या हिशेबाने मध्य सप्तकाचा गंधार 300 हर्ट्झचा यावयास हवा. पेटीवर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. प्रत्येक पट्टीची वारंवारता मागच्या पट्टीच्या सुमारे 1.0595 पट असते. षड्जापासून अशा चार पायऱ्या चढल्या की आपण सुमारे 302.4 हर्ट्झवर पोहोचतो. पेटीत सूर देणारी पितळी पत्तीही उपस्वरांनी समृद्ध असते. तिच्या गंधाराचा दुप्पट उपस्वर 604.8 हर्ट्झचा आणि तंबोऱ्याचा स्वयंभू गंधार 600 हर्ट्झचा. हे दोन्ही एकत्र वाजले की त्यांच्यातील फरकाइतके, म्हणजे सेकंदाला जवळपास 5 हेलकावे ऐकू येतात. विज्ञानात त्यांना विस्पंद म्हणतात. काळी एकचा षड्ज 277 हर्ट्झच्या आसपास असल्याने आपल्याकडे हा आकडा थोडा वाढेल.

पंचम का मिळतो, हेही यातूनच उलगडते. तंबोऱ्याचा पंचम 360 आणि पेटीचा 359.6, हेलकावा इतका संथ की तो लक्षातही येत नाही. ऋषभ (रे) आणि मध्यम (म) यांतही अर्ध्या-पाऊण हर्ट्झहून अधिक अंतर पडत नाही. धैवत मात्र 400 ऐवजी 403.6 आणि निषाद 450 ऐवजी सुमारे 453 असतो. आपण नेमके तेच तीन स्वर सांगितलेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

उत्तर : संगीत शिक्षिका, बेळगाव

वरील विवेचन उत्तम आहे. त्याला थोडी जोड द्यावीशी वाटते, कारण या प्रश्नाचा इतिहास आपल्या शेजारीच घडलेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांचे गणित मांडणारे पुस्तक 1910 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा त्यांना या कामी आधार मिळाला. इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनीही या विषयात मनापासून लक्ष घातले आणि त्या प्रयत्नांतून या श्रुतींना लावलेली पेटी, म्हणजे श्रुती-हार्मोनियम तयार झाले. ते रूढ झाले नाही, पण पेटीच्या समान अंतरांबद्दलची तक्रार कायम राहिली. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, घेता येत नाही, हा आक्षेपही तितकाच जुना आहे. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागे अशीच कारणे होती. ती बंदी पुढे 1971 च्या सुमारास शिथिल झाली.

तरीही पेटी टिकली, आणि ती टिकवणाऱ्यांत आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. 1917 मध्ये कागवाड येथे जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात राहून साथ आणि स्वतंत्र वादन या दोन्ही अंगांनी पेटीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती येथील संगीतप्रेमींना सांगावयास नको. म्हणून पेटी सदोष आहे, असे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रियाझ मात्र तंबोऱ्यावरच करावा. गळ्याला गंधार तंबोऱ्यातून मिळू द्यावा, आणि पेटीवर साथ करताना गायक गंधारावर स्थिरावला असेल तेव्हा ती पट्टी दाबून न ठेवता षड्ज-पंचम हलका धरावा. साथीतले पुष्कळसे कौशल्य कोठे थांबावे हे कळण्यात आहे.

उत्तर : पेटी दुरुस्ती करणारा, चिकोडी

पेटीचा गंधार तंबोऱ्याप्रमाणे लावता येतो. पत्तीचे मोकळे टोक घासले की सूर चढतो आणि रिव्हेटकडील, म्हणजे पत्ती जेथे पक्की ठोकलेली असते ती बाजू घासली की उतरतो. म्हणजे आपल्या गंधारासाठी रिव्हेटकडे अगदी हलका हात फिरवावा लागेल. परंतु भजनी मंडळाची पेटी अशी लावून घेऊ नका. अशी लावलेली पेटी एकाच षड्जाला बांधली जाते. आज ज्या पट्टीवर आपला ऋषभ आहे, तिला कोणी षड्ज मानले तर काय होईल पाहा : 270 च्या षड्जाला पंचम 405 हवा, पण तेथे येणारी धैवताची पट्टी आपण 400 वर आणून ठेवलेली असेल. गंधाराची थरथर सोसवते, पण असा उतरलेला पंचम कोणालाही खटकेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडे अभंगांबरोबर कन्नड दासपदे, म्हणजे हरिदास संतांची पदेही म्हटली जातात आणि गायकागणिक पट्टी बदलते, त्यामुळे ही अडचण लगेच ध्यानात आली. मग स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणारी पेटी घेऊन ती शुद्ध स्वरांना लावली, तर दोन्ही गोष्टी साधतील का?

पेटी दुरुस्ती करणारा, चिकोडी

नाही साधणार. स्केलचेंजरमध्ये पट्ट्यांची चौकट सरकते, आतील पत्त्या जागच्या जागीच राहतात. बोटांची जागा न बदलता षड्ज बदलतो एवढीच सोय. पत्त्यांमधील अंतरे तीच राहत असल्याने उतरलेल्या पंचमाची अडचण तशीच राहील. मंडळाची पेटी आहे तशी ठेवावी. घरात एखादी जुनी, पत्त्या शाबूत असलेली पेटी असेल, तर ती केवळ आपल्या काळी एकच्या षड्जासाठी तंबोरा समोर ठेवून लावून घेता येईल. पत्त्यांच्या दोन ओळींची पेटी असल्यास खर्ज (खालच्या सप्तकाची) आणि नर (मूळ सप्तकाची) या दोन्ही ओळी आधी एकमेकींशी मिळवाव्या लागतील, नाहीतर थरथर तंबोऱ्यामुळे आहे की दोन पत्त्यांमधली आहे, हेच कळणार नाही. घासलेली पितळ परत येत नसल्याने हे काम स्वतः करू नये.